भुयारबाईंचा कान

भुयारबाई वॉर्डात शिरल्या की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "पंखा बंद."

अकोल्याचा उन्हाळा ज्यांनी काढलेला नाही त्यांना यातलं काही कळायचं नाही. मे महिन्यात खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावलेले असत. त्यांच्यावर पाणी मारून मारून वॉर्डबॉय थकलेला असे. खाटांच्या लोखंडी दांड्यांना हात लावला तर चटका बसे. त्यात छताला एकच पंखा, आणि तोही बाई आल्या की बंद. मग सगळ्या आया पदरानं वारा घेत गप्प बसायच्या. बाई म्हणायच्या, "पदरबी नको. त्याचाबी आवाज येते." आया पदर खाली ठेवायच्या. घामाच्या धारा लागलेल्या, लेकरं किरकिरणारी, आणि बाई एका एवढ्याशा छातीवर स्टेथोस्कोपची नळी ठेवून, डोळे मिटून उभ्या. त्यांचं होईपर्यंत कोणी खोकायचंसुद्धा नाही.

मी तेव्हा अमरावतीहून नर्सिंग करून नुकतीच अकोल्याला आले होते. साठ-एकसष्टचा सुमार असेल. सरकारी दवाखान्यातल्या मुलांच्या वॉर्डात माझी नेमणूक झाली आणि डॉक्टर वत्सला भुयार यांच्या हाताखाली मी कामाला लागले. दवाखान्यात त्यांना डॉक्टर कोणी म्हणत नसे. भुयारबाई म्हणत, नाहीतर नुसतं बाई.

बाई मोर्शीकडच्या एका शेतकऱ्याच्या घरातल्या. नागपूरला डॉक्टरी शिकल्या. अंगानं हडकुळ्या, उंच, रंगानं काळ्यासावळ्या. पांढरं पातळ, त्याला बारीक काठ, मनगटावर पुरुषी घड्याळ आणि तेही आतल्या बाजूला. लग्न केलं नव्हतं. माझ्यासमोर एकदा कोणा आजीबाईनं त्यांना विचारलंच, "काहून नाई केलं वं माय?" बाई तिच्या नातवाचा ताप पाहत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "वेळ नाई भेटला." त्यात थट्टा नव्हती आणि दुःखही नव्हतं. बाईंचं बोलणं सगळं असंच. पुण्याहून आलेले आमचे धाकटे डॉक्टर आगाशे पहिल्या आठवड्यात मला म्हणाले होते, "या सारख्या रागावलेल्या असतात का हो?" मी म्हटलं, "नाही. त्या बोलताहेत."

जठारपेठेत त्यांची दोन खोल्यांची जागा होती. तिथून त्या पायी यायच्या. दुपारी डब्यात भाकर आणि ठेचा. चहा बिनसाखरेचा. नळी लेकराच्या अंगावर ठेवण्याआधी ती आपल्या काखेत धरून गरम करायच्या. "थंडं लोखंड छातीले लागलं तं तुमीबी रडसान," असं आगाशेंना सांगायच्या. आणि टेबलावर आलेल्या प्रत्येक लेकराला, मुलगा असो की मुलगी, त्या पाटील म्हणायच्या. "काय पाटील, दूध नाई पेत म्हणते माय?" "या पाटील, जीभ दाखवा." आया हसायच्या. बाई हसायच्या नाहीत, पण लेकरू हमखास त्यांच्याकडे बघायला लागायचं.

एक गोष्ट मात्र त्या कधीच करायच्या नाहीत. बरं होईल असं त्या कोणाला म्हणत नसत. काळजी करू नका, असंही नाही. आई पायाशी बसून रडत असली तरी नाही. विचारलं की म्हणायच्या, "पाहू." पहिल्यांदा मला ते फार कठोर वाटलं. पुढे कळलं की बाई पाहू म्हणाल्या म्हणजे खरोखर पाहणार. सकाळी पाहणार, दुपारी भाकर अर्धी टाकून पाहणार, सुटीच्या दिवशी येऊन पाहणार.

इंगळे मास्तरांचं लेकरू आमच्याकडे आलं ते बार्शीटाकळीहून.

मास्तर प्राथमिक शाळेत शिक्षक होते. छप्पन्न साली घरादारासह बौद्ध झालेले. स्वच्छ धुतलेला सदरा, खिशाला पेन, बोलणं मोजकं. त्यांची बायको प्रमिला अगदी कोवळी, विशीतली. लेकरू चार महिन्यांचं. त्याला प्यायला घेतलं की ते रडायचं. गावात ग्राइप वॉटर देऊन झालं होतं, बाळघुटी देऊन झाली होती. प्रमिलाच्या सासूनं चोरून दृष्टही काढली होती. दोन डॉक्टरांनी पोटशूळ म्हणून सांगितलं होतं. आमच्या आगाशेंनीही पोट चाचपलं आणि पोटशूळच लिहिलं.

बाई आल्या. पंखा बंद झाला. त्यांनी लेकराच्या गालाला बोट लावलं आणि म्हणाल्या, "काय पाटील?"

मास्तर एकदम ताठ झाले. "आमचा पाटील नाही, बाई," ते म्हणाले. "आनंद नाव आहे त्याचं."

मास्तरांचा आवाज चढला नव्हता, पण ते काय म्हणताहेत ते तिथल्या प्रत्येकाला कळलं होतं. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "मंग आनंदराव."

आणि खरंच, त्या दिवसापासून बाकी सगळे पाटील राहिले आणि हा एकटा आनंदराव.

बाईंनी त्याला टेबलावर घेतलंच नाही. प्रमिलाला म्हणाल्या, "तू त्याले पाज. आमी पाहतो." आगाशे अवघडून भिंतीकडे तोंड करायला लागले. बाई म्हणाल्या, "इकडं पाहा, डॉक्टर. आईकडं नाई, लेकराकडं."

आनंदनं तोंड लावलं. थोडं प्याला आणि थांबला. कपाळावर घामाचे थेंब फुटले. ओठांभोवतीची कातडी ताकासारखी पांढरी पडली. मग कोणी दाबल्यासारखा तो ओरडला, गुडघे पोटाशी घेतले, आणि थोड्या वेळानं आपोआप शांत झाला. पुन्हा प्यायला लागला. पुन्हा तेच.

"पोट दुखते तं लेकरू पेऊन झाल्यावर रडते," बाई आगाशेंना म्हणाल्या. "हा पेता पेता रडून राहिला. म्हातारा माणूस जिना चढता चढता छाती धरून बसते ना, तसा. लेकराले दूध पेणं म्हणजेच जिना."

आगाशे म्हणाले, "म्हणजे हृदय? चार महिन्यांच्या मुलाला?"

"पाहू," बाई म्हणाल्या.

कार्डिओग्रामचं यंत्र तेव्हा आमच्या दवाखान्यात नव्हतं. अमरावतीला एका जुन्या खाजगी डॉक्टरांकडे होतं. दुसऱ्या दिवशी बाई, मी, प्रमिला आणि मास्तर पॅसेंजरनं बडनेऱ्याला उतरलो आणि तिथून अमरावतीला गेलो. वाटेत प्रत्येक वेळी प्रमिला त्याला पाजायला घ्यायची तेव्हा बाई खिडकीबाहेर बघणं सोडून त्याच्याकडे बघायच्या.

लेकराच्या हातापायाला पट्टे बांधले. ते हलू नये म्हणून बाईंनी साखरेच्या पाण्यात बोट बुडवून त्याच्या तोंडात दिलं. कागदाची पट्टी यंत्रातून निघाली. ते म्हातारे डॉक्टर आतल्या खोलीत होते, त्यांनी पेशंटला पाहिलंच नव्हतं. त्यांच्यापुढे पट्टी नेऊन ठेवली. चष्मा वर करून त्यांनी ती खिडकीपाशी धरली आणि म्हणाले, "यांना मोठा झटका येऊन गेलाय. बिछान्यावरून उठू देऊ नका, जिना तर अजिबात नको. वय काय यांचं?"

"चार महिने," बाई म्हणाल्या.

म्हातारे डॉक्टर पट्टी हातात धरून बाहेर आले. प्रमिलाच्या मांडीवर आनंद बोट चोखत पडला होता. ते त्याच्याकडे पाहत राहिले आणि मग त्यांनी हळूच स्टुलावर बूड टेकलं.

बाईंनी मास्तरांना ते समजावून सांगितलं ते मी तिथेच ऐकलं. हृदय सगळ्या अंगाला रक्त देतं, पण त्यालाही स्वतःला रक्त लागतं. त्यासाठी दोन नळ्या असतात. "याची डावी नळी चुकीच्या जागेहून निघाली असंन," बाई म्हणाल्या. "फुफ्फुसाच्या नळीतून. त्याच्यानं हृदयाची डावी बाजू उपाशी राहते. उजवीकडून जे रक्त येते तेबी त्या नळीतून उलटं वाहून जाते. तिले बुडाशी बांधून टाकली तं उलटं जाणं बंद होईन. बाहेरच्या देशात असं करून पाहिलं हाय. मुंबईले करतीन का, विचारून पाहतो."

"नाही केलं तर?" मास्तरांनी विचारलं.

"तं वर्षाचा होणार नाई."

"आणि केलं तर?"

बाई "पाहू," म्हणाल्या.

मुंबईला त्या स्वतः रजा काढून, प्रमिला आणि आनंदला घेऊन गेल्या. मी गेले नव्हते, प्रमिलानं पुढे सांगितलं तेवढंच मला माहीत आहे. तिथल्या सर्जननी आधी नकार दिला होता. एवढ्या लहान लेकराची छाती नुसत्या अंदाजावर उघडायची नाही म्हणाले. बाई रोज जाऊन त्यांच्या दाराशी बसायच्या. शेवटी त्यांनीही आनंदला दूध पिताना पाहिलं आणि तयार झाले. बाईंना आत उभं राहू दिलं. आत काय झालं ते बाईंनी आगाशेंना एकदाच सांगितलं होतं. सर्जननी ती नळी शोधली, आधी नुसती चिमटीत दाबून धरली आणि सगळे वाट पाहत राहिले. हृदय थांबलं तर सोडायची, चाललं तर बांधायची. ते चालत राहिलं. मग त्यांनी गाठ मारली.

"तुम्हाला काय वाटलं तेव्हा?" आगाशेंनी विचारलं.

बाई विचार करून म्हणाल्या, "पाय दुखून राहिले होते."

आनंद परत आला तेव्हा स्टेशनवर बार्शीटाकळीची पुष्कळ माणसं आली होती. कोणीतरी हार आणला होता. बाईंनी तो घातला नाही, हातात धरला आणि नंतर वॉर्डातल्या आयांना त्यातली फुलं वाटून टाकली. गावात मास्तरांनी सगळ्यांना जेवण घातलं. आम्हीही गेलो. लोक लेकराच्या छातीवरची लांब शिवण पाहून पाहून जात होते. जेवणं व्हायच्या आधी बाईंनी त्याला आतल्या खोलीत नेलं, दार लावलं, माणसांना अंगणात पाठवलं आणि नळी लावली. बराच वेळ लावून ठेवली. बाहेर आल्या तेव्हा मास्तर हसतमुखानं उभे होते.

"अजून संपलं नाई, मास्तर," बाई म्हणाल्या.

मास्तरांचा चेहरा तसाच राहिला, फक्त हसू गेलं. मागून एक म्हातारा म्हणाला, "अवं बाई, आज तं जेऊ द्या सुखानं." बाई जेवल्या. पुरणपोळीवर साधं तूपसुद्धा घेतलं नाही, पण पंगत उठेपर्यंत बसल्या.

परतताना एस.टी.त त्यांनी आगाशेंना सांगितलं. ऑपरेशन झालं म्हणजे दुखणं गेलं असं नव्हे. जो भाग इतके दिवस उपाशी राहिला तो वाळलाच. हृदयातलं एक दार दोऱ्यांनी भिंतीला बांधलेलं असतं, आणि ती भिंतच वाळलेली असली की दार नीट लागत नाही. रक्त थोडं थोडं मागे गळतं. त्याचा आवाज येतो, फार बारीक, फुंकर मारल्यासारखा.

"मला तर काही ऐकू आलं नाही," आगाशे म्हणाले. त्यांनीही नळी लावून पाहिली होती.

"येईन," बाई म्हणाल्या. "डोळे मिटायचे. आधी पहिला ठोका पकडायचा. मंग त्याच्या मागं मागं कोण चालून राहिलं ते ऐकायचं."

आगाशेंना तो आवाज ऐकू यायला दोन-तीन महिने लागले. आनंदला दर महिन्याला आणायचं असं बाईंनी ठरवून दिलं होतं. पंखा बंद व्हायचा, आगाशे डोळे मिटून उभे राहायचे आणि मान हलवायचे. एका दिवशी त्यांनी एकदम डोळे उघडले. बाई म्हणाल्या, "भेटला?" ते म्हणाले, "भेटला." तेवढाच एक दिवस मी बाईंना हसताना पाहिलं.

बाईंनी हृदयाला बळ देणारे डिजिटॅलिसचे थेंब सुरू केले होते. किती थेंब ते प्रमिलाकडून दर वेळी वदवून घ्यायच्या. फासळीखाली बोटं घालून लिवर वाढलंय का पाहायच्या. लेकरू झोपलेलं असताना त्याचा श्वास पाहायच्या. नळी सगळ्यात शेवटी. आनंद वाढायला लागला. चालायला लागला, उशिरा का होईना. बाईंचं पांढरं पातळ दिसलं की स्वतःच सदरा वर करायचा.

मग आगाशेंची बदली झाली अमरावतीला. त्यांच्या जागी कोणी लवकर आलंच नाही. वॉर्ड बाई एकट्याच बघायच्या.

त्या वर्षात आनंदच्या छातीतला आवाज कमी होत गेला. बाईच म्हणाल्या. एका महिन्यात म्हणाल्या, "बारीक झाला." मग म्हणाल्या, "कमी होऊन राहिला." मग एका दिवशी नळी काढून ठेवली आणि प्रमिलाला म्हणाल्या, "नाई ऐकू येत आता." प्रमिलाला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिनं तोंडावर पदर घेतला. असं होतं कधी कधी, बाई मला म्हणाल्या, लेकरू वाढतं तसं उजवीकडचं रक्त पोचायला लागतं, वाळलेली भिंत सुधारते. थेंब त्यांनी कमी करत आणले आणि बंद केले. आता दर महिन्याला यायची गरज नाही म्हणाल्या.

त्याच वर्षी बाई वॉर्डात आल्यावर पंखा बंद करा म्हणायच्या थांबल्या. केव्हापासून ते मला सांगता येणार नाही. एक दिवस लक्षात आलं की त्या नळी लावून उभ्या आहेत आणि वर पंखा फिरतोय. आम्हा सगळ्यांना बरंच वाटलं. बाई नरम पडल्या, वय झालं, असं आम्ही आपसात बोललो. त्या थोडं मोठ्यानं बोलायला लागल्या होत्या. आयांना समोर बसवून, तोंडाकडे बघत विचारायच्या. आई पाठमोरी असली तर तिला खांद्याला धरून वळवायच्या. ते आम्हाला माया वाटलं.

आगाशे परत आले ते दसऱ्यानंतर. ऑक्टोबरचं ऊन होतं. त्यांना रुजू होऊन आठवडाही झाला नसेल, प्रमिला आनंदला घेऊन आली. बोलावलेलं नव्हतं, स्वतःहून आली.

"बाई, हा आडवा होत नाही," ती म्हणाली. "बसून झोपते. उशीले टेकून. निजवलं की उठून बसते."

बाईंनी फासळीखाली बोटं घातली. त्यांचा चेहरा बदलला नाही, पण बोटं तिथेच थांबली. मग नळी काखेत धरली, गरम केली आणि छातीवर ठेवली. डोळे मिटले. बराच वेळ गेला. त्यांनी नळी हलवली, काखेकडे नेली, परत आणली. आनंद धापा टाकत त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होता.

बाईंनी नळी कानातून काढली आणि आगाशेंपुढे धरली.

"तुमी ऐका," म्हणाल्या.

आगाशेंनी नळी घेतली. सवयीनं वर पाहिलं आणि मला म्हणाले, "सिस्टर, पंखा." मी बटण बंद केलं.

बाईंनी मान वर केली. पाती मंद होत होती. पूर्ण थांबेपर्यंत त्या त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"चालू होता?" त्यांनी मला विचारलं.

"हो," मी म्हटलं.

त्या खाली आनंदकडे पाहत राहिल्या.

आगाशेंनी नळी छातीवर ठेवली. त्यांना डोळे मिटावे लागले नाहीत. नळी टेकवल्याबरोबर त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. ते बाईंकडे बघेनात.

"सांगा," बाई म्हणाल्या.

"आहे, मॅडम."

"किती?"

"मोठा आहे. काखेपर्यंत जातो. पाठीलाही येत असेल."

"पाठीले पाहा."

आगाशेंनी पाठीला पाहिलं आणि मान हलवली. बाईंनी प्रमिलाकडे वळून त्याच आवाजात सांगितलं की आनंदरावांना आता इथेच ठेवायचं आहे. थेंब पुन्हा सुरू करायला सांगितले, लघवीचं औषध सांगितलं, ऑक्सिजन लावायला सांगितला. सगळं बरोबर सांगितलं. नळी टेबलावर पडली होती. ती त्यांनी उचलली नाही. त्यानंतर कधीच कोणाच्या छातीला लावली नाही.

दुपारी डॉक्टरांच्या खोलीत मी चहा घेऊन गेले तेव्हा दोघं समोरासमोर बसले होते.

"थेंब बंद केले तवा आवाज असंन का?" बाईंनी विचारलं.

"नसेल," आगाशे म्हणाले. "कमी होतो कधी कधी. तुम्हीच शिकवलंय. पुन्हा आला असेल."

त्यांच्या ओठांकडे बाई लक्षपूर्वक बघत होत्या. "असंन," त्या म्हणाल्या. "मले ऐकू आला नसंन."

बाईंनी चहा घेतला. मी त्यात नेहमीप्रमाणे साखर घातली नव्हती.

आनंद आमच्याकडे दिवाळीपर्यंत होता. मधे बरा वाटला. उशीला टेकून त्यानं वॉर्डबॉयकडून कागदाची होडी करून घेतली होती. मुंबईच्या सर्जनना आगाशेंनी फोन लावला, तर ते म्हणाले, आता छाती उघडून उपयोग नाही, एवढ्या लहान लेकराचं ते दार शिवायला आमच्याकडे काही साधन नाही. बाई रोज त्याच्या खाटेपाशी यायच्या. फासळीखाली बोटं घालायच्या, पायावर अंगठा दाबून सूज पाहायच्या, श्वास पाहायच्या. ऐकायचं असेल तेव्हा आगाशेंना बोलवायच्या. पंखा आता आगाशे बंद करायला लावायचे.

एका सकाळी, वॉर्ड झाडणं चालू होतं तेव्हा, आनंद गेला. प्रमिला त्याच्यासाठी दूध गाळत होती. तिनं गाळून झाल्यावर पाहिलं. ती ओरडली नाही. पेला खाली ठेवला आणि मला म्हणाली, "सिस्टर, या." मी बाईंना बोलावलं. बाईंनी मनगट धरलं, मग मानेला बोटं लावली, पापणी उचलून पाहिली. आगाशे धावत आले, त्यांनी नळी लावली आणि काढली. बाईंनी चादर वर ओढली. मास्तर शाळेतून निघून दुपारी पोचले. मी पाणी दिलं, ते प्यायले.

त्या आठवड्यात वॉर्डात आणखी दोन लेकरं दगावली होती, हगवणीनं. आम्ही खाटा धुतल्या, उन्हात टाकल्या. काम चालू राहिलं. मला रडू आलं नाही. कोणालाच आलं नसावं.

बाईंनी नागपूरला जाऊन कान दाखवले. कानाची नस वाळतेय, असं तिथले डॉक्टर म्हणाले, बारीक आवाज आधी जातात, माणसांचं बोलणं शेवटी. यंत्र लावून बोलणं ऐकू येईल, पण नळीतलं येणार नाही. हे त्यांनी मला स्वतः सांगितलं, कपाटातली औषधं तपासता तपासता. मग म्हणाल्या, "उद्या माह्यासंगं चाल. बार्शीटाकळीले जायचं हाय."

मास्तरांचं घर मातीचं, सारवलेलं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली उदबत्ती. प्रमिला आत होती. मास्तरांनी "जयभीम, बाई" म्हणून खुर्ची पुढे केली. बाईंनी हात जोडले. खुर्चीवर बसल्या नाहीत.

"मास्तर, मले ऐकू येत नव्हतं," त्या म्हणाल्या. "आवाज होता. मले वाटलं कमी झाला. म्हणून थेंब बंद केले. ते मले सांगाचं होतं."

त्या फार मोठ्यानं बोलल्या. शेजारच्या अंगणातली माणसंसुद्धा बघायला लागली. प्रमिला दारात येऊन उभी राहिली.

मास्तरांनी विचारलं, "केव्हापासून?"

बाई त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. "माहीत नाई," म्हणाल्या. "ऐकू येत नाई हे माणसाले कळत नाई. शांत वाटते, बस."

"थेंब चालू असते तर?"

यावर बाईंनी पाहू म्हटलं नाही. "काही महिने," त्या म्हणाल्या. "कदाचित वर्ष. जास्त मी सांगू शकत नाई."

मास्तरांनी मान हलवली. ती कशासाठी हलवली ते मला कळलं नाही. "दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर मी भांडलो असतो," ते म्हणाले. प्रमिला आत गेली आणि परत आली नाही. थोडा वेळ तिथे उभं राहून आम्ही निघालो. एस.टी. यायला वेळ होता. फाट्यावरच्या झाडाखाली बाई उभ्या राहिल्या. मीही उभी राहिले. समोर कापसाच्या गाड्या चालल्या होत्या.

महिन्याभरात बाईंनी राजीनामा दिला. मोठ्या साहेबांनी त्यांना थांबवायचा पुष्कळ प्रयत्न केला. नळी न लावता वॉर्ड बघा म्हणाले, आगाशे आहेत ना. बाई म्हणाल्या, "आगाशे आहेत, म्हणूनच." अमरावतीला धाकट्या भावाकडे राहायला गेल्या. निरोपसमारंभाला आल्या नाहीत. आम्ही आणलेली शाल आगाशेंनी पुढे केव्हातरी पोचवली म्हणे.

त्यानंतर मला त्या एकदाच दिसल्या. माझं लग्न झालं होतं. सासूबाईंना घेऊन मी कार्तिकात कौंडण्यपूरच्या यात्रेला गेले होते. देवळाच्या पायऱ्यांपासून वर्धा नदीच्या पाण्यापर्यंत माणूस माणसाला चिकटलेला. ढोल, भजनं, कर्ण्यांवर कोणाची तरी हरवलेल्या म्हातारीसाठी हाकाटी, पाळण्यांचा करकराट, बांगडीवाल्यांचा ओरडा. त्या सगळ्यातून पांढरं पातळ नेसलेल्या बाई उताराकडे चाललेल्या दिसल्या. केस पिकले होते. मी हाका मारल्या. मग गर्दीतून वाट काढत जाऊन त्यांच्या खांद्याला हात लावला.

त्या वळल्या. मला ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. "लीला," म्हणाल्या.

"कशा आहात, बाई?" मी विचारलं.

त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं. "नाई, नावेनं," त्या म्हणाल्या. "भावाच्या पोरीचं सासर हाय पल्याड."

मी पुन्हा विचारलं, जरा सावकाश. त्यांनी मान हलवली. "हो, पाणी हाय अजून नदीले," म्हणाल्या. मग माझ्या सासूबाईंकडे पाहून, त्यांच्या सुजलेल्या पावलांवर नजर टाकून म्हणाल्या, "यायले मीठ कमी देजो." माझा हात त्यांनी थोडा वेळ धरून ठेवला. त्यांच्या पंजाची पकड घट्ट होती. वॉर्डाबद्दल त्यांनी काही विचारलं नाही, मीही काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पोचलं नसतं.

नाव भरत आली होती. बाई चिखलातून गेल्या, कोणाचा हात न घेता चढल्या आणि पल्याडच्या काठाकडे तोंड करून मधोमध उभ्या राहिल्या. बाकी सगळे बसले. नावाडी ओरडला, "ओ बाई, बसा!" मग नावेतली माणसं ओरडली, काठावरची दोघं-तिघं ओरडली. बाई उभ्याच. शेवटी एका अनोळखी बाईनं खालून त्यांचा पदर ओढला आणि बसायची खूण केली.

बाईंनी खाली तिच्याकडे पाहिलं, मग सगळ्यांकडे पाहिलं, आणि त्या बसल्या. नावाड्यानं बांबू पाण्यात रोवला.